‘डुप्लिकेट रिले दिला, १२० अंडी गेली’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. सोमवारी दुकान उघडल्याबरोबर काउंटरवरच्या पोराला समोर बसवून तो मोठ्यानं वाचायला लावला. मग तुम्ही रागानं टाकून गेलेला रिले ड्रॉवरमधून काढला अन् मीटर घेऊन बसलो. उत्तराला दोन दिवस लागले ते म्हणून.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. आमच्याकडून २५ अँपिअरचा सॉलिड स्टेट रिले (तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या हुकमावर वीज चालू-बंद करणारा, हलता भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) नेला, घरी बनवलेल्या उबवणी मशीनला लावला. पंधरा दिवस ठीक चाललं. सोळाव्या दिवशी पहाटे पाहता तर बल्ब पेटलेलेच, कंट्रोलरवर ४४ डिग्री, १२० गावरान अंडी गेली. दुकानात आलात तर ‘इलेक्ट्रॉनिकच्या मालाला गॅरंटी नसते’ असं ऐकावं लागलं. बोलाचाली झाल्यावर बदलून मिळाला, तोही खराब: कंट्रोलर बंद असताना मीटर दीडशे व्होल्ट दाखवतो, एलईडी बल्ब मिणमिणत राहतो. म्हणून माल डुप्लिकेट.

गॅरंटीचं वाक्य आमच्या पोराचं, आणि ते चूक होतं. तुमची मशीन कशावर चालते हे विचारायच्या आधी त्यानं हात झटकले. त्याची माफी मी मागतो. मी त्या दिवशी आर्वीत नव्हतो, पण दुकान माझं आहे.

आता रिलेचं. त्याच्या सगळ्या तारा सुट्या करून १ आणि २ नंबरच्या टर्मिनलवर (बल्बकडची बाजू) मीटर लावला. बीप. रोध अर्धा ओहमसुद्धा नाही. चांगल्या रिलेत हा आकडा मेगाओहममध्ये येतो. ३ आणि ४ ला (कंट्रोलरकडची बाजू) बारा व्होल्ट दिले तर लाल दिवा मस्त लागला, काढले तर विझला. म्हणजे इनपुट जिवंत, आउटपुट शॉर्ट. तो लाल दिवा फक्त एवढंच सांगतो की कंट्रोलरचा हुकूम आला. रिलेनं तो पाळला की नाही, हे त्याला माहीत नसतं. तुम्ही लिहिलंय, ‘दिवा बंद होता तरी बल्ब चालू होते.’ अगदी तसंच झालं असणार.

सॉलिड स्टेट रिले मरतो तेव्हा बहुतेक वेळा चालू अवस्थेतच मरतो. ही गोष्ट विकताना सांगायला पाहिजे होती. सांगितली नाही.

पण मेला काहून? बाजारात डुप्लिकेट माल आहे, ४० अँपिअरचं लेबल अन् आत १६ अँपिअरचा ट्रायॅक (रिलेतला वीज चालू-बंद करणारा मुख्य भाग) असलेला, हे मी नाकारत नाही. मात्र तुमचे साठ वॅटचे चार बल्ब, म्हणजे २४० वॅट, एक अँपिअरच्या जरा वर. रिलेत दर अँपिअरला साधारण एक ते दीड वॅट उष्णता तयार होते. इतक्याशा लोडवर हलका मालही तापून मरत नाही, हीटसिंक (उष्णता ओढून बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसला तरी. (हळद किंवा संत्र्याची साल वाळवायला दोन किलोवॅटचा हीटर लावणाऱ्यांनी हे वाक्य स्वतःला लावून घेऊ नये. तिथं पावणेनऊ अँपिअर जातात, हीटसिंक अन् पेस्ट लागतेच.)

उत्तर रिव्ह्यूसोबतच्या तुमच्याच फोटोत सापडलं. मोठा करून पाहा. तीन बल्ब पेटलेले आहेत, डावीकडून दुसरा विझलेला. त्याची काच आतून धुरकट काळी झालीय आणि फिलामेंटच्या एका टोकाला मोहरीएवढा वितळलेला गोळा दिसतो. हा बल्ब नुसता गेला नाही, भडकून गेला. फिलामेंट तुटतं तेव्हा तुटलेल्या टोकांमध्ये ठिणगी धरते. ती पसरत आतल्या दोन जाड तारांपर्यंत पोहोचली की मध्ये रोध उरतच नाही, क्षणभर तो बल्ब म्हणजे सरळ शॉर्ट. त्या क्षणात ट्रायॅक फुंकला जातो. एमसीबीला (शॉर्ट झालं की आपोआप पडणारा मीटरजवळचा स्विच) पडायलाही सवड मिळत नाही. गावात रात्री कृषिपंप बंद झाले की व्होल्टेज चढतं, आणि चढ्या व्होल्टेजवर पिवळे बल्ब लवकर जातात हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणजे एक बल्ब मेला आणि जाता जाता उरलेल्या तिघांना कायमचं चालू करून गेला.

दुसरा रिले मात्र चांगला आहे, भाऊ. फेकू नका. त्याच्या आत आउटपुटला समांतर एक छोटं सर्किट असतं, त्यातून बंद अवस्थेतही काही मिलिअँपिअर करंट गळतो. मीटरला अन् एलईडी बल्बला तेवढा पुरतो, म्हणून दीडशे व्होल्ट दिसतात. एलईडीच्या जागी साठचा पिवळा बल्ब लावून पाहा, काळाठिक्कर राहील. अशा रिलेची परीक्षा लोड लावूनच करायची. आणि याच गळतीमुळे रिले ‘बंद’ आहे म्हणून होल्डरला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच पाडायचा.

पुन्हा कधी मशीन तापली तर आधी मेन बंद करा, ३ नंबरची तार काढा, मग चालू करा. बल्ब तरीही पेटले तर रिले शॉर्ट. नाही पेटले तर रिलेला दोष देऊ नका, कंट्रोलरची सेटिंग किंवा सेन्सर पाहा. सेन्सर ट्रेच्या बाहेर लोंबकळत असला तरी हेच होतं, असे दोघे तिघे दर हंगामात येतात.

‘जुना टकटक करणारा रिलेच बरा होता’ (म्हणजे आत धातूचे कॉन्टॅक्ट हलून जोडणारा-तोडणारा) हे तुमचं वाक्य अर्धं खरं आहे. साध्या थर्मोस्टॅटवर तो बराच आहे. पण तुमचा पीआयडी कंट्रोलर (थोडं थोडं चालू-बंद करत तापमान एका जागी धरणारा) दर दोन सेकंदाला चालू-बंद करतो, म्हणजे दिवसाला ४३,२०० वेळा. पूर्ण लोडवर लाखभर वेळा टिकणारे कॉन्टॅक्ट तिसरा दिवसही पार करणार नाहीत. त्यापेक्षा दोघांना एका लाइनीत बसवा. रोजचं काम सॉलिड स्टेट रिले करेल, ३७.५ वर. त्याच फेजमध्ये वेगळ्या सेन्सरचा साधा टकटक्या थर्मोस्टॅट, ३८.५ ला तोडणारा. तो एरवी हलणारही नाही, पण त्या पहाटे त्यानं तुमची अंडी वाचवली असती. बल्ब काढून अडीचशे वॅटचा फिनवाला हीटर लावा. बल्बच ठेवायचे असतील तर प्रत्येकाला वेगळा, जलद उडणारा फ्यूज द्या.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर मे महिन्यात आणखी एक स्टार पडेल. पारा ४५ च्या वर गेला अन् मशीन टिनाखाली असली तर खोलीच ४० ओलांडते. रिले कितीही चांगला असो, बंद करण्यापलीकडे तो काही करू शकत नाही. मशीन मातीच्या भिंतीच्या खोलीत, कूलरच्या बाजूनं हलवा, नाहीतर एक बॅच सोडून द्या.

पैशाचं बोलतो. पहिल्या रिलेचे पैसे परत. दुसरा तुमच्याकडेच राहू द्या. हीटर अन् थर्मोस्टॅट माझ्या खरेदीच्या भावात देतो, वायरिंग मी स्वतः करून देईन. अंड्यांचं पूर्ण नुकसान मी भरणार नाही, बल्ब माझा नव्हता. पण ‘फ्यूज-बिज काही लागत नाही, लावा बिनधास्त’ असं आमचा पोरगा म्हणाला होता. तुम्ही लिहिलं आणि त्यानं कबूलही केलं. म्हणून निम्मे पैसे माझ्याकडून.

स्टार बदलायला सांगत नाही. गुरुवार सोडून कधीही या, सकाळी अकराच्या आत आलात तर मी निवांत असतो. येताना तो काळा बल्ब सोबत आणा. काउंटरवर ठेवायचा आहे, पोराच्या डोळ्यासमोर.