चादर घरी राहू द्या

सोलापूरच्या माणसाने हिमालयात ट्रेकला जाताना चादर आणि टॉवेल या दोन्ही गोष्टी घरी ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्याच कारखान्यात नोकरी करणाऱ्याने हे लिहावे, यावर आमच्या खात्यातील मंडळी हसतील, पण त्याला इलाज नाही. या डिसेंबरात उत्तराखंडातील केदारकंठा शिखरावर जाण्याचा बेत आखणाऱ्या काही मित्रांनी सामानाची यादी मागितली होती. नुसती यादी दिली की माणसे त्यात स्वतःच्या चार वस्तू वाढवतात, असा अनुभव असल्यामुळे यादीमागचा विचारच सविस्तर लिहितो आहे. डोंगरातील आठवड्याभराच्या मोहिमेसाठी विमानाच्या केबिनमध्ये चालणारी सात किलोंची एक सॅक पुरते. ज्यांना ती पुरत नाही, त्यांचा घोटाळा बहुधा थंडीच्या अंदाजात झालेला असतो.

आपला हा अंदाज चुकणे स्वाभाविक आहे. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर असलेल्या आपल्या गावात मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो, आणि जानेवारीत तो दहा-बारा अंशांवर उतरला की लोक कानाला मफलर गुंडाळून फिरू लागतात. थंडी म्हणजे काहीतरी जाड अंगावर घेणे, एवढेच आपल्याला लहानपणापासून माहीत असते. त्यामुळे सॅक भरायला घेतली की आतून आवाज येतोच, "तिकडं थंडी लई असतंय म्हणं, एक चादर तरी टाक की." त्यापाठोपाठ लग्नात मिळालेला जाड स्वेटर, दोन जीन्स आणि स्टीलची पाण्याची बाटली येते. एवढ्यातच सात किलो संपतात आणि पावसाचे जाकीट बाहेरच राहते.

आमच्या धंद्यात रोज वापरला जाणारा एक आकडा येथे उपयोगी पडतो. धागा हवेतील किती ओलावा धरून ठेवतो, त्या प्रमाणाला आम्ही रिगेन म्हणतो आणि सुताच्या खरेदी-विक्रीत वजनाचा हिशेब त्यावर करतो. कापसाचा रिगेन ८.५ टक्के धरतात, तर पॉलिएस्टरचा अवघा ०.४ टक्के. उन्हाळ्यात सुती कपडा अंगाला बरा वाटतो तो याच गुणामुळे, कारण तो घाम ओढून घेतो आणि सावकाश सोडतो. चढणीवर मात्र हाच गुण उलटतो. तासभर चढून बनियन आणि शर्ट घामाने भिजले, वर विश्रांतीला थांबलो आणि वारा सुटला, की तो ओला सुती थर अंगातील ऊब ओढू लागतो, कारण पाणी हवेच्या तुलनेत सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. लोकर पॉलिएस्टरपेक्षा कितीतरी अधिक ओलावा घेते, पण तो ओलावा तंतूच्या आत मुरतो आणि कुरळ्या तंतूंमध्ये अडकलेली हवा तशीच राहते, म्हणून ओलसर लोकरही बऱ्यापैकी ऊब देते. जीन्सचा विचार तर करूच नये. भिजलेली जीन्स केदारकंठाच्या पायथ्याच्या सांकरी गावापुढच्या तंबूत दोन दिवस वाळत नाही आणि रात्री ती अक्षरशः कडक होते.

टॉवेलचेही तेच. आम्ही विणतो तो पंच्याहत्तर बाय दीडशे सेंटीमीटरचा, साडेचारशे जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम वजनाचा) टॉवेल कोरडाच पाचशे ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि टेरीचे लूप मुळात पाणी धरून ठेवण्यासाठीच विणलेले असतात. घरच्या बाथरूमसाठी यापेक्षा चांगली वस्तू नाही. ट्रेकवर मात्र अंघोळच होत नसल्यामुळे हा अर्धा किलो तोंड पुसण्यापुरता उरतो, आणि तेवढ्यासाठी आजोबांच्या काळातला पातळ पंचा पुरेसा आहे. तोही सुतीच असतो हे खरे, परंतु इतका विरळ विणलेला असतो की पिळून सॅकच्या पाठीवर टाकला तर दुपारच्या उन्हात वाळून जातो. चादरीला तर जागाच नाही, कारण बहुतेक ट्रेक संस्था तंबू आणि स्लीपिंग बॅग देतात. त्यांच्या पत्रकात ते लिहिलेले असते, फक्त ते वाचून आईला दाखवावे लागते.

उंचीनुसार तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. केदारकंठाचे शिखर सुमारे ३८०० मीटरवर आहे, म्हणजे केवळ उंचीमुळेच सोलापूरपेक्षा वीस-बावीस अंशांचा फरक पडतो. त्यात उत्तरेचा हिवाळा, वारा आणि पहाटे तीनला सुरू होणारी अंतिम चढाई मिळवली, की पारा शून्याच्या बराच खाली जातो. यावर उपाय म्हणजे थर. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस, थांबल्यावर घालायचे डाउनचे (पक्ष्यांच्या मऊ पिसांचे) किंवा कृत्रिम भरणीचे जाकीट आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे पातळ कवच. हे चारही मिळून साधारण दीड किलोच्या आत बसतात, आणि चालताना दोन काढता येतात, थांबल्यावर पुन्हा घालता येतात. जाड स्वेटर एक तर अंगात असतो किंवा हातात, त्याला मधली अवस्था नाही.

आता केबिनच्या नियमांकडे वळतो. देशांतर्गत विमानांत हातातील बॅगेला साधारणपणे सात किलोंची आणि ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटरची मर्यादा असते. प्रत्येक कंपनीचे नियम थोडे वेगळे असल्याने आपल्या तिकिटावरचा मजकूर वाचावा. या मापांचा गुणाकार केला तर अठ्ठेचाळीस लिटर येतात, म्हणजे चाळीस लिटरची सॅक त्यात आरामात बसते, मात्र ती वरच्या कप्प्यात फुगेपर्यंत भरायची नाही. चाकांची ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलोंची असते आणि बर्फात तिची चाके कोणाच्याही उपयोगाची नाहीत. साधी सॅक सव्वा किलोच्या आसपास असते. म्हणजे काहीही भरण्यापूर्वीच दीड किलोचा, अर्थात वर सांगितलेल्या सगळ्या गरम थरांइतका फरक पडतो. वजन करायला कोणत्याही भांड्याच्या दुकानात मिळणारा अडकवायचा काटा घ्यावा, हाताच्या अंदाजावर जाऊ नये.

बहुतेक तिकिटांत पंधरा किलो चेक-इन सामान फुकट असताना ही यातायात कशासाठी, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. चेक-इन सामान नसलेल्या प्रवाशाला स्वस्त तिकीट देण्याची मुभा डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपन्यांना दिली, परंतु माझ्या मते त्यातून वाचणारे पैसे हे मुख्य कारण नाही. खरा प्रश्न प्रवासाच्या साखळीचा आहे. आपल्याकडून निघणारा माणूस सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातो, तेथून विमानाने दिल्ली, पुढे दुसऱ्या विमानाने डेहराडून आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी अशा रस्त्याने सांकरीची जीप पकडतो. जीपचा हा पल्ला सुमारे दोनशे किलोमीटरचा असून त्याला अख्खा दिवस लागतो. बॅग दिल्लीत राहिली तर विमान कंपनी ती दुसऱ्या दिवशी डेहराडूनला नक्कीच आणून देईल, पण तोवर जीप डोंगरात पोहोचलेली असते. शहरातील मुक्कामात हरवलेली बॅग ही नुसती गैरसोय असते. येथे मात्र आठ महिने ठरवलेला ट्रेक बुटांविना आणि औषधांविना पहिल्याच दिवशी संपतो.

होटगी रस्त्यावरील आपल्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाल्यामुळे आता काही जण घराजवळूनच विमान पकडण्याचा विचार करतील. एटीआरसारख्या लहान विमानांत वरचे कप्पे अरुंद असतात आणि केबिन बॅगसुद्धा शिडीजवळ घेऊन पोटात ठेवतात. अशा वेळी पॉवर बँक, औषधे आणि चष्मा चटकन काढून घेता येतील असे वरच्या खणातच ठेवावे.

सुरक्षा तपासणीत काय अडते, हे घरीच ठाऊक असलेले बरे. ट्रेकिंग पोल, चाकू आणि बर्फाची कुऱ्हाड केबिनमध्ये चालत नाही. लायटर, काडेपेटी आणि स्टोव्हचा गॅस कोठेच चालत नाही. सुके खोबरे त्यातील तेलामुळे पेट घेऊ शकणारा पदार्थ मानला जातो, त्यामुळे वाटीच्या वाटी खोबरे घालून दिलेला आईचा मेवा घरीच खाऊन निघावे. पॉवर बँकेचा नियम नेमका उलटा असून ती चेक-इनमध्ये चालत नाही, केबिनमध्येच न्यावी लागते. शंभर वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. वीस हजार एमएएचची बँक चौऱ्याहत्तर वॅट-तासांची होते. दहा हजारांची दोघांत एक पुरते, फक्त थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून ती रात्री स्लीपिंग बॅगेत सोबत घेऊन झोपावे.

पोल, बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचे गेटर, बुटाला लावायचे मायक्रोस्पाइक आणि गरज पडल्यास जाड जाकीटसुद्धा सांकरीत भाड्याने मिळते. मनालीतही अशी दुकाने आहेत. जी वस्तू वर्षातून एकदा वापरायची ती सोलापुरातून डोक्यावर घेऊन जाण्यापेक्षा तेथील दुकानदाराला चार पैसे मिळालेले मला अधिक योग्य वाटतात. यातून बूट मात्र वगळावेत. दुसऱ्याच्या पायाने वळवलेला बूट दोन दिवसांत टाचेला फोड आणतो. बूट स्वतःचेच असावेत, महिनाभर आधी पायात रुळवलेले असावेत आणि प्रवासात पायातच असावेत, कारण त्यांचे वजन किलोभर असते आणि पायातल्या बुटांचे वजन काउंटरवर कोणी करत नाही. घोट्यापर्यंतचे बूट घालून हुतात्मात बसलेल्या माणसाकडे सहप्रवासी पाहतात, तेवढे पाहू द्यावे.

हलक्या सॅकच्या नादात काय सोडू नये, याबद्दल मी जास्त कडक आहे. पावसाचा थर, डोक्याचा टॉर्च, बर्फावर लागणारा गडद चष्मा, मोज्यांचे तीन जोड, स्वतःची औषधे आणि केवळ झोपताना घालायचा कोरडा थर्मलचा जोड यांना हात लावायचा नाही. झोपण्याचा हा जोड दिवसा कितीही मोह झाला तरी अंगावर चढवायचा नाही, त्यासाठी तो प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवावा. उंचीवरच्या त्रासासाठीच्या गोळ्या कोणी घ्याव्यात आणि किती, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांनाच विचारावे. आणखी एक गोष्ट थोडी कडवट आहे. गटात एखादा असा निघतोच, ज्याच्या सॅकचे सर्व जण कौतुक करतात आणि जो दर संध्याकाळी दुसऱ्याचा टॉर्च, तिसऱ्याचे हातमोजे आणि चौथ्याचे सनस्क्रीन मागत हिंडतो. त्याचे ओझे कमी झालेले नसते, ते वाटले गेलेले असते. सामाईक वस्तू अवश्य वाटून घ्याव्यात, प्रथमोपचाराची पिशवी गटात एकच असावी, परंतु हे घरून निघण्यापूर्वी बोलून ठरवलेले असावे.

खाण्याच्या बाबतीत मी सोलापूरकर आहे. कडक भाकरीत पाण्याचा अंश जवळजवळ नसतो, ती आठवडे टिकते आणि वजनाला नगण्य असते. तुकडे झाले तरी चव बदलत नाही, म्हणून डब्याऐवजी पिशवीतच न्यावी. शेंगाची चटणी दोनशे ग्रॅम पुरे, कारण जेवण ट्रेकवाले देतात आणि चटणी फक्त चौथ्या दिवशी त्याच राजम्याला कंटाळल्यावर लागते. ती बाहेर काढली की वाटून खावी लागते, हा हिशेब मात्र आधीच धरून ठेवावा.

लहान मुले सोबत असतील, छायाचित्रणाची अवजड सामग्री न्यायची असेल किंवा उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी महिन्याभराच्या प्रशिक्षणाला जायचे असेल, तर हा सात किलोंचा हट्ट मी धरणार नाही. आठवड्याचा ट्रेक करणाऱ्या धडधाकट माणसाला मात्र मी सूट देत नाही, आणि पुण्याहून निघताना काट्यावर सात नव्हे तर सव्वासहा किलो भरले पाहिजेत असे सांगतो. परतीच्या दिवशी मोजे ओले असतात, पॅन्टच्या पायांना चिखल असतो, सांकरीत कोणीतरी राजम्याची पिशवी विकत घेतलेली असते आणि डेहराडूनच्या काउंटरवर तोच काटा पुन्हा समोर येतो.