विषय शोधणाऱ्याला वाट सापडू नये म्हणून

विद्यापीठाची ऑनलाइन अभ्यासक्रम-पुस्तिका सुधारायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी अभिनंदन. मी गेले नऊ दिवस अशाच एका पुस्तिकेत आतबाहेर करतोय. नोकरी सांभाळून एक वैकल्पिक विषय करायचा होता, हौसेनं, एवढंच. त्यातून जो अनुभव गाठीशी आला तो तुमच्या उपयोगी पडावा, म्हणून हा खटाटोप.

पुस्तिकेची लिंक होमपेजवर ठेवायची नाही, हे पहिलं. तिथे इमारतीचा फोटो हवा, हिरवळीवर हसत बसलेल्या विद्यार्थ्यांचा फोटो हवा (यांना विषय कुणी निवडून दिले कोण जाणे), आणि एक सरकती पट्टी हवी. माउस नेला की थांबेल अशी नको, नेमकं वाचायला लागलो की पळेल अशी. तीन वर्षांपूर्वीच्या सूचनेपुढे ‘नवीन’ हे चिन्ह लुकलुकत ठेवा. पुस्तिका ‘विद्यार्थी कोपरा’, मग ‘शैक्षणिक’, मग ‘इतर’, मग ‘डाउनलोड’ अशी उतरत्या पायऱ्यांनी तळघरात न्या, आणि फाइलचं नाव ठेवा ‘फायनल_सुधारित_२_नवीन’. शेजारीच ‘फायनल_सुधारित_३’ असू द्या. ती जुनी.

‘शोधा’ ही चौकट मात्र काढू नका, लोकांना तेवढाच धीर येतो. तिनं काही शोधू नये म्हणजे झालं. मी ‘संख्याशास्त्र’ टाकलं. उत्तर शून्य. आता, विषयाच्या नावातच संख्याशास्त्र आहे! दोन दिवसांनी कळलं की तिला विषयाचा संकेतांक लागतो, तोही मधल्या आडव्या रेघेसकट. संकेतांक माहीत असता तर शोधत कशाला बसलो असतो? इंटरनेटवरचं पहिलं शोधयंत्र मानतात ते ‘आर्ची’ १९९० साली मॅकगिल विद्यापीठातल्या ॲलन एम्टेज या विद्यार्थ्यानं केलं होतं. तेव्हा विद्यापीठांना हे जमतच नाही, असं कुणी म्हणू नये. पण त्याला खरोखर काहीतरी शोधायचं होतं, तुमचं तसं काही नाही.

पीडीएफ १९९३ साली आलं, ते कागद कुठल्याही संगणकावर जसाच्या तसा दिसावा म्हणून. तुम्ही एक पाऊल पुढे टाका. टाइप केलेला मजकूर छापा, त्यावर गोल शिक्का मारा, कागद थोडा तिरका ठेवून स्कॅन करा आणि मग चढवा. आता त्यातला एक शब्द शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर त्या पानापाशी मुका होतो. वेबवरचा मजकूर सर्वांना वाचता यावा यासाठीचे नियम १९९९ पासून आहेत, पण शिक्का कुठे मारायचा हे त्यांत नाही, सबब दुर्लक्ष करावं.

लिंका दर वर्षी बदला.

शिक्षकाचं नाव देऊ नका. ‘यथावकाश कळवण्यात येईल’ पुरे.

क्रेडिटचं थोडं सैल सोडा. माझ्या विषयाला त्याच्या पानावर ४ क्रेडिट होती, पीडीएफमध्ये ३. फार मनावर घेऊ नये. युरोपातल्या क्रेडिट-पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम धरतात. इकडे तिकडे आठवडाभराचा काय तो फरक.

पूर्वअटी हा मात्र खरा कौशल्याचा प्रांत, तिथे घाई नको. माझ्या विषयाची पूर्वअट होती ‘विदा-विश्लेषणाची ओळख’. ठीक आहे, म्हटलं आधी ती करू. तिचं पान उघडलं. तिची पूर्वअट काय? माझा विषय! मी मागे गेलो, पुन्हा पुढे आलो, चष्मा पुसला, पुन्हा मागे. रात्री साडेअकरापर्यंत आपलंच काही चुकतंय असं समजून त्या दोन पानांत येरझाऱ्या घालत होतो. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. बरं, याच पुस्तिकेत, संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला, अल्गोरिदम नावाचा विषय आहे. त्यात टोपोलॉजिकल सॉर्ट शिकवतात, म्हणजे आधी काय नि नंतर काय ते लावायची रीत. आर्थर कान यांनी ती १९६२ साली मांडली. ज्याला काहीच अट नाही ते विषय बाजूला काढा, त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांची तेवढी अट खोडा, पुन्हा तेच करा. शेवटी जे हलत नाहीत, तिथे कुणीतरी कुणाचं तरी शेपूट धरून बसलंय. बस्स! कागद-पेन्सिलीनं होतं. आणि वर्गात हे समजावताना सर्रास दिलं जाणारं उदाहरण कुठलं? विद्यापीठातले विषय आणि त्यांच्या पूर्वअटी! म्हणजे एका इमारतीत फळ्यावर हेच उदाहरण सोडवतात, परीक्षेत त्याला दहा गुण ठेवतात, आणि समोरच्या इमारतीत कुणीतरी तीच गाठ मारून संकेतस्थळावर टांगून ठेवतो. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना एका दुपारचा गृहपाठ दिला असता तर अख्खी पुस्तिका तपासून झाली असती. पण विचारायला जायचं म्हणजे खुर्चीतून उठायचं.

आता फोन. मी कार्यालयात फोन केला. ‘वेबसाइटवर आहे, बघा.’ वेबसाइट बघूनच फोन केलाय म्हटलं. ‘मग विभागात विचारा.’ विभाग म्हणाला, कार्यालयात विचारा. इथेही पूर्वअटीचंच गणित.

शेवटी सतरा तारखेला रजा टाकून गेलो. पुस्तिकेत अर्जाची मुदत वीस होती. खिडकीत कळलं, पंधराला संपली. शुद्धिपत्रक निघालं होतं म्हणे. कुठे? ‘इतर सूचना’मध्ये, स्कॅन केलेलं. मग पुस्तिकेतली वीस का नाही बदलली? तर खाली बारीक अक्षरात टीप आहेच: ‘माहितीत बदल करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. विद्यार्थ्यांनी संकेतस्थळ वेळोवेळी पाहावे.’ अहो, मी संकेतस्थळच पाहत होतो! नऊ दिवस दुसरं काही पाहिलं नाही!

माझं जाऊ द्या. मी हौशी माणूस, पुढच्या सत्रात करीन. पण रांगेत माझ्यापुढे एक मुलगी होती. तिचं शेवटचं सत्र. तोच विषय तिनं मागच्या सत्रात पानावरचे ४ क्रेडिट धरून केला होता, गुणपत्रकावर ३ आले. एक क्रेडिट कमी, पदवी अडकली. तिनं मोबाइल पुढे केला, पानाचा फोटो काढून ठेवला होता बिचारीनं, तारखेसकट. आतून उत्तर आलं, ‘हे ग्राह्य धरत नाहीत.’ तुमचं पान, तुमचं बोधचिन्ह, तुम्हीच लिहिलेला आकडा, आणि तो तुम्हालाच ग्राह्य नाही? मग कुणासाठी लिहिता? चूक केलीत तुम्ही, सहा महिने भरायचे तिनं, आणि वर तिलाच विचारता की शुद्धिपत्रक का नाही पाहिलं? जरा तरी लाज बाळगा. आकडा एकाच जागी लिहायला, तो बदलला तर तिथेच बदलायला आणि खाली बदलणाऱ्याचं नाव घालायला समिती लागत नाही, निविदा लागत नाही, नवं सॉफ्टवेअर तर मुळीच लागत नाही. आधी त्या मुलीचा अर्ज घ्या. सरकत्या पट्टीत काय सरकवायचं ते मग बघा.