बनगरवाडीत ट्रॅक्टर

गेल्या महिन्यात माझी चांगलीच फजिती झाली. घरी मामेसासरे आले होते. निवृत्त शिक्षक, वाचनाचे पक्के. जेवणं झाल्यावर सुपारी कातरता कातरता त्यांनी विचारलं, "सध्या काय वाचताय सूनबाई?" मी जरा ऐटीतच सांगितलं की महिन्याभरात नऊ कादंबऱ्या संपवल्या. बोटांवर नावंही मोजून दाखवली. आणि मग बोलण्याच्या ओघात म्हणून बसले, 'बनगरवाडी'च्या शेवटी तो ट्रॅक्टर येतो आणि जनावरं विकायला काढतात ना मामा, तिथं फार वाईट वाटतं.

मामांचा अडकित्ता थांबला.

"बनगरवाडीत ट्रॅक्टर? धनगरांच्या वाडीत? मास्तर सोबत घेऊन आला होता की काय?"

नवरा हसून हसून लाल. ट्रॅक्टर येतो तो आनंद यादवांच्या 'गोतावळा'त, १९७१ सालच्या. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची. तिथं शेवटी दुष्काळ पडतो आणि माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडतात. दोन्ही मी एकाच आठवड्यात वाचल्या होत्या. वाचल्या म्हणजे संपवल्या.

त्यात दोष माझा आहेच. एका ग्रुपवर 'महिन्याला दहा' असं चॅलेंज चालू होतं. डोंबिवलीहून सीएसएमटीला जाताना, येताना, डब्याच्या सुट्टीत, नुसती पानं उलटत होते. शेवटचं पान झालं की मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा, चार बदाम गोळा करायचे, पुढची उघडायची. पण मामा गेल्यावर मला वाटायला लागलं की घाई हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं त्या कपाटात आहे. आमच्या वाचनालयात एका कपाटावर 'ग्रामीण' अशी चिठ्ठी डकवलेली आहे. मी त्यातून पाठोपाठची पुस्तकं उचलली आणि माझ्या डोक्यात सगळ्यांचं मिळून एकच गाव झालं. त्यात एकच पार, एकच पाटील आणि एकच 'व्हय रं'.

आता हे किती चुकीचं आहे बघा. 'बनगरवाडी' सांगणारा मास्तर हा शिकलेला पोरगा आहे. तो आपल्याशी साध्या, तुटक पुस्तकी मराठीत बोलतो आणि माणदेशी ऐकू येते ती वाडीतल्या माणसांच्या तोंडून. म्हणजे आपण त्याच्या मागोमाग, त्याच्यासारखेच परके होऊन गावात शिरतो. 'गोतावळा'त असा मधला माणूसच नाही. शेतावरचा गडी नारबा सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या कोल्हापूरकडच्या बोलीत स्वतःच बोलत राहतो. पहिली तीसेक पानं माझ्यासारखीला अडखळायलाच होतं. त्यानंतर कान बसतो आणि मग नारबाला जनावरं घरच्या माणसांसारखी का वाटतात हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी ती तीस पानं कुर्ला ते भायखळा अशी उभ्यानं वाचली होती. कान बसणार कधी?

म्हणून जुलैचा बेत मी आकड्यावर केलेला नाही. बोलीवर केलाय. चारच कादंबऱ्या, आठवड्याला एक बोली. प्रत्येकीची पहिली चाळीस पानं रविवारी घरी, एका बैठकीत आणि मोठ्यानं. बाकीची ट्रेनमध्ये चालतील. दोन कादंबऱ्यांच्या मध्ये दोन दिवस कोरडे ठेवायचे. नुसतं पेपर वाचायचं, म्हणजे आधीचा आवाज कानातून जरा उतरतो.

मोठ्यानं वाचायचं डोक्यात कसं आलं तेही सांगते. माझं सासर अमरावतीकडचं. मागच्या रविवारी उद्धव शेळक्यांची 'धग' घेऊन बसले होते. १९६०ची कादंबरी, संवाद सगळे वऱ्हाडी. सासूबाई समोर मेथी निवडत होत्या. त्यांना ऐकवावं म्हणून मी त्यातल्या नायिकेच्या, कौतिकच्या तोंडचं एक वाक्य वाचलं. त्यांनी मेथीतून मान वर केली.

"बातम्या वाचून रायली का वं?"

मग हात पदराला पुसून पुस्तक घेतलं, चष्म्याशिवाय लांब धरलं आणि तेच वाक्य त्या बोलल्या. वाचलं नाही, बोलल्या. मी सपाट वाचलेल्या त्या ओळीत तक्रार होती, दमदाटी होती आणि तळाशी कुठंतरी मायाही होती. कागदावर यातलं काहीच दिसत नाही. बोली लिहिताना लेखक अक्षरं देतो, हेल देऊ शकत नाही. तो ज्याचा त्याला तोंडानं घालावा लागतो. माझ्याकडे तो नव्हता, सासूबाईंकडे होता.

त्यावरून मग गप्पा वाढल्या. त्यांच्या माहेरच्या कुठल्याशा भांडणाचं सांगताना त्या म्हणाल्या, "धुऱ्यावरूनच झालं सगळं." मला धुरा म्हणजे खांद्यावर पडते ती, नाहीतर सांभाळतात ती. त्यांच्याकडे धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. एवढी वर्षं त्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं. वीस पानं वाचायला दीड तास लागला, मेथीची भाजी रात्रीवर गेली, आणि त्या वीस पानांतलं मला आज सगळं आठवतंय.

'धग'च्या पाठोपाठ रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' ठेवली आहे. यादी बघून मैत्रीण म्हणाली, "अगं बाई, इतकं दुःख लागोपाठ?" पण मला त्या शेजारी शेजारीच हव्या आहेत. दोन्ही घरं शिंप्याची! ग्रामीण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नांगर आणि बैलजोडी येते. इथं गावाला कपडे शिवून देणारा माणूस आहे, ज्याची चूल गावाच्या मर्जीवर पेटते. आणि दोन्हीकडे घर ओढते ती बाई. फरक एवढाच की कौतिकची गोष्ट लेखक सांगतो आणि 'पाचोळा'त शिंप्याची बायको आपली कहाणी मराठवाड्याच्या बोलीत आपणच सांगते. एकाच कपाटातल्या या दोघी एकमेकींना किती कळल्या असत्या आणि कुठं वेगळ्या पडल्या असत्या, हे मला बघायचं आहे. महिन्याला दहाच्या हिशेबात असले नसते उद्योग बसत नाहीत.

बोली असली की कादंबरी अस्सल, असं मात्र मी म्हणत नाही. कथन सगळं गुळगुळीत पुस्तकी आणि मध्ये मध्ये 'न्हाई', 'व्हय', 'लई' पेरलेलं, भेळेवर शेव पेरावी तसं, अशाही कादंबऱ्या त्याच कपाटात पुष्कळ आहेत. तिथं गाव भाषेत नसतं, फक्त पाट्यांवर असतं. त्या मी वेगानं वाचल्या याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

यादीत एक खोट आहे आणि ती कुणी दाखवायच्या आधी मीच सांगते. चारही लेखक पुरुष. म्हणून ऑगस्टची सुरुवात विभावरी शिरूरकरांच्या 'बळी'नं करणार आहे. श्री. ना. पेंडशांची 'तुंबाडचे खोत' यंदाही दिवाळीवर ढकलली. चार पिढ्यांची गोष्ट, दोन जाडजूड खंड. ती लोकलमध्ये एका हातानं धरून वाचणं मनगटाला परवडत नाही, आणि पेंडशांना घाईत उरकण्याचं पाप मला नको. पावसात कोकण अगदीच हवं झालं तर 'गारंबीचा बापू' घरी आहे. पण ती राखीव. यादीत नाही.

तर पहिल्या आठवड्यात पुन्हा 'बनगरवाडी'. छोटीशी आहे. या वेळी मास्तरच्या चालीनं जाणार, आणि गाव तालीम बांधतं तिथं जरा जास्त वेळ थांबणार, कारण मागच्या खेपेला तो भाग मी कळव्याला गाडी थांबली असताना उरकला होता. मग 'गोतावळा'. 'धग' मात्र परवापासून माझ्याकडे नाही. सासूबाईंच्या उशाशी आहे. त्या माझ्यापुढे साठेक पानं गेल्यात, आणि पुढं काय होतं ते सांगू नका म्हटलं तर म्हणतात, "मंग लवकर वाच ना."

'पाचोळा'ची वाचनालयातली प्रत बाइंडिंगला गेलीय, कधी येईल ते तिथल्या बाईही सांगू शकत नाहीत. डोंबिवली-ठाणे पट्ट्यात कुणाकडे असेल तर कळवा, येऊन घेऊन जाईन आणि कव्हर घालून परत देईन. फक्त कमेंटमध्ये ट्रॅक्टरचे फोटो टाकू नका. मामा आता फेसबुकवर आलेत.