धुक्यात वाढवते, धुळीत झाकते

कालचा राग अजून उतरलेला नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एकाच खोक्यातून निघालेले तीन स्वस्त हवामापक शेजारीशेजारी टांगले. पीएम २.५ चे, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचे, आकडे आले घनमीटरला ८४, ९१ आणि १३१ मायक्रोग्रॅम. ओट्यावरच्या काकाजींनी विडी बाजूला धरली.

"खरं कोणाचं मानाचं बावा?"

"फरक किती पडतो तेच आधी पाहायचं असतं."

"म्हंजे कापसाच्या काट्यावानी. गाडी तेच, अन् तीन व्यापाऱ्याईचे तीन काटे."

"काटा तपासायला शिक्क्याचं वजन लागतं ना? इथं ते काम बीटा किरणांचं यंत्र करते. मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढते, काचतंतूंच्या फितीवर धूळ धरते अन् किरणं किती अडली त्यावरून तिचं वजन काढते."

"कुठी हाये थे?"

"चंद्रपूरले."

"मंग हे इथं काऊन टांगले?"

चारचौघं हसले. प्रश्न बिनतोड होता. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए, तिच्या २०२१ च्या कसोटीनुसार मापक ३०-३० दिवस दोनदा अशा यंत्राशेजारी ठेवायचे, तेही वेगळ्या ऋतूंत किंवा वेगळ्या हवामानात. दोघांचे आकडे आलेखावर मांडले की रेषेचा उतार ०.६५ ते १.३५ मध्ये यावा (तंतोतंत जुळले तर १), आणि आकडे किती सोबत चालतात ते सांगणारा आर-वर्ग किमान ०.७०. पण शहराच्या हवेवर बेतलेलं दुरुस्तीचं गणित आमच्या चुलीच्या धुराला बसेलच असं नाही, हे दुखणं कोणाला सांगावं?

तेवढ्यात काकाजींनी मधल्या डब्यावर झुरका सोडला. ९१ चे थेट ६४०.

"जित्ता हाये!"

१३१ वाला उघडला, तर लेसरपुढे कोळ्याचं जाळं आणि पंख्यात रुईचे तंतू. हे मापक कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात; जाळ्यावरही तो विखुरतो, मापक त्याला धूळ समजतो. उरलेले दोघंही पहाटे फुगवूनच सांगत होते: आर्द्रता नव्वदीला गेली की कण पाणी पिऊन फुगतात. म्हणून आर्द्रतामापक सोबत हवाच; नाहीतर गहू ओलवलेल्या रात्रीनंतर अख्खं गाव प्रदूषित ठरतं.

"सरकारी मर्यादा ६०, हे तर त्याच्या वर. म्हंजे नापास?"

"ते मर्यादा २४ तासांच्या सरासरीची हाये, काकाजी. आत्ताच्या आकड्याची नाही."

"मंग आत्ता दाखवते कायले?"

संध्याकाळी शेजारच्या खळ्यात तुरीचं थ्रेशर लागलं. माणसांच्या भुवया पांढऱ्या झाल्या, बैल शिंकले, आणि पीएम १० चा, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा, रकाना ४५ वर शांत. जाड धूळ या मापकांना नीट दिसतच नाही. काकाजींनी उठून दुपट्ट्यानं डबा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं.

४५.