शिकायला गेलीय का फिरायला?

परवा बार्शीत एका साखरपुड्यात आमच्या नात्यातल्या एका काकांनी बाबांना चारचौघांत विचारलं, "पोरगी शिकायला गेलीय का फिरायला?" बाबांनी हसण्यावारी नेलं. पण विषय निघाला की निघाला. कुणाच्या साडूचा मुलगा कर्ज काढून गेला आणि दर रविवारी नव्या गावाचा फोटो टाकतो, कुणाची भाची हॉटेलातल्या ताटांचे फोटो टाकते, अशी एकेक उदाहरणं निघाली आणि जेवणाची पंगत उठेपर्यंत निकाल लागला: आईबापांच्या कर्जावर युरोपदर्शन चाललंय. आईने हे सगळं मला फोनवर सांगितलं. ती सहज सांगत होती, मला मात्र रात्री झोप लागली नाही.

हा एका काकांचा प्रश्न नाही, म्हणून लिहितेय. परदेशात शिकणाऱ्या मुलांबद्दल घरोघरी हेच बोललं जातं. युरो शंभर रुपयांच्या वर गेल्यापासून तर जास्तच, कारण आता गुणाकार सोपा झालाय. मी सात युरोचं जेवण जेवले की तिकडे लगेच सातशे रुपये होतात.

तर आधी पैशाचंच बोलू. मी जर्मनीत, सॅक्सनी राज्यातल्या ड्रेस्डेनला शिकते. इथे सरकारी विद्यापीठात शिकवणी फी नाही, दर सेमिस्टरला एक ठरावीक रक्कम भरायची आणि त्यातच प्रवासाचं तिकीट येतं. 2025 मध्ये त्याचे महिन्याला 34.80 युरो पडायचे. त्यात ट्राम, बस आणि अख्ख्या जर्मनीतल्या साध्या रेल्वेगाड्या आल्या. हे पैसे मी घरात बसले तरी जातात आणि पोलंडच्या हद्दीपर्यंत गेले तरी तेवढेच जातात. म्हणजे शनिवारी खोलीत बसून राहिल्याने बाबांचा एक पैसा वाचत नाही. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ब्लॉक केलेल्या खात्यातून महिन्याला 992 युरो मिळतात, त्यात भाडं, विमा, खाणं. बाकी मी आठवड्यातून दोन संध्याकाळी एका गोदामात काम करते. 2025 मध्ये इथे ताशी किमान मजुरी 12.82 युरो होती. ज्या ताटाचे सातशे रुपये होतात ते माझ्या अर्ध्या तासापेक्षा थोड्या जास्त कामाचं ताट आहे. गुणाकार करायचाच तर तोही करावा.

आता फिरण्याचं.

शनिवारी सकाळी मी आणि माझ्या मजल्यावरची पोलिश मैत्रीण एस-वन लोकल पकडून राटेन गावाला जातो. पाऊण तासही लागत नाही. स्टेशन एल्बे नदीच्या एका काठाला, गाव दुसऱ्या काठाला, मध्ये फेरीबोट. ही बोट इंजिनावर चालत नाही, नदीत वर बांधलेल्या लांब दोराला धरून प्रवाहाच्या जोरावर तिरकी पलीकडे जाते. पलीकडे उतरलं की वालुकाश्माच्या सुळक्यांमधून पायऱ्या चढत बास्टाईच्या कड्यावर जायचं. वरचा दगडी पूल 1851 चा आहे आणि नदी दोनशे मीटरच्या आसपास खाली. या चढाला जर्मन आजीआजोबा हातात काठ्या घेऊन माझ्यापुढे निघून जातात. वर पोहोचलं की प्रत्येक जण पिशवीतून आपापला डबा काढतो: काळ्या पावाचे तुकडे, चीज, उकडलेलं अंडं, काकडी.

मी कडक भाकरी काढते. आईने सोलापूरहून आणून दिलेली, पापडासारखी पातळ, ज्वारीची. विमानात एकाही भाकरीचा तुकडा पडला नव्हता, कारण आईने त्या स्टीलच्या डब्यात वर्तमानपत्राच्या घड्या घालून बसवल्या होत्या. त्यावर शेंगाचटणी. चटणीला तेल सुटलेलं असतं, ते बोटाने भाकरीवर पसरवायचं आणि मोडायची. मोडल्याचा आवाज बाजूच्या बाकापर्यंत जातो. मैत्रिणीला पहिल्या घासाला ठसका लागला, आता तीच आधी विचारते की भाकरी घेतलीस का. घरी ही भाकरी मी कधी कौतुकाने खाल्ली नव्हती. ती असायचीच.

परतताना शहरात आयरशेकेचा तुकडा आणि कॉफी. खाली यीस्टचं पीठ, मध्ये क्वार्क म्हणजे चक्क्यासारखं चीज, वर अंड्याचा मऊ थर. हा आठवड्याचा एकच गोड खर्च. त्यानंतर दुकानं बंद व्हायच्या आत दूध, पाव, कांदे घेऊन खोलीवर, कारण रविवारी काही मिळत नाही. रिकाम्या बाटल्याही त्याच फेरीत मशीनमध्ये टाकून अनामत परत घ्यायची.

एवढंच माझं युरोपदर्शन. फोटोत ते मोठं दिसतं, ही गोष्ट वेगळी.

पण खरा मुद्दा पैशाचा नाहीच, हे मला त्या रात्री कळलं. मी हाच हिशोब काकांपुढे मांडला तरी ते म्हणतील, "बरं, पण जायचं कशाला?" हा 'कशाला' आपल्याकडे प्रत्येक प्रवासाला चिकटलेला आहे. लग्न आहे, जा. देव आहे, जा. परीक्षेचं सेंटर नाशिकला आलंय, जा आणि रात्रीच्या गाडीने परत ये. नुसतं जायचं म्हणून जाणं, तेही विद्यार्थ्याने, ही चैन.

आपल्या एसटीचा विद्यार्थ्यांचा पास बघा. 66.67 टक्के सवलत आहे आणि मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत तो मोफत आहे. या पासाने किती खेड्यांतल्या मुली शाळेत पोहोचल्या हे मला कुणी सांगायला नको, माझ्या वर्गातल्या निम्म्या त्याच पासावर यायच्या. पण त्यावर मार्ग लिहिलेला असतो. घर ते शाळा, शाळा ते घर. त्याच पासावर तुम्ही नळदुर्गला जाऊ शकत नाही. शाळेच्या सहलीला एसटी अर्ध्या भाड्यात मिळते, पण बरोबर सर हवेत. 'आवडेल तेथे प्रवास' नावाचा पासही आहे, फार चांगला, चार किंवा सात दिवस कुठेही हिंडा. पण त्याचे दर दोनच, मोठ्यांचा आणि लहान मुलांचा. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला शिकताना आपला मुलूख बघावासा वाटेल, हे कुणाच्या मनातच आलेलं नाही.

इथे उलट आहे. 2022 च्या उन्हाळ्यात सरकारने तीन महिने नऊ युरोत महिनाभर फिरा असं तिकीट काढलं आणि लोक नुसते निघाले. पुढच्या वर्षी मे महिन्यापासून ते 49 युरोचं कायमचं तिकीट झालं, 2025 मध्ये 58 झालं, आणि विद्यार्थ्यांना त्याच्या साठ टक्क्यांत. त्यावर मार्ग लिहिलेला नाही. तिकीट तपासणारा कुठे निघालात असं विचारत नाही.

यावर लगेच ऐकू येतं की आपल्याकडेही 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, मग तू का नाही फिरलीस? बरोबर आहे. ते 17 मार्च 2023 ला सुरू झालं तेव्हा मी पुण्यात शेवटच्या वर्षाला होते. पण मला ते बाई म्हणून मिळालं, विद्यार्थी म्हणून नाही. माझ्या भावाला ते नाहीच. आणि तिकीट अर्धं झालं म्हणून घरची परवानगी मिळाली असं होत नाही. शनिवारी सिंहगडाला जायचं म्हटलं तरी कोण कोण आहे, मुलं आहेत का, अंधाराच्या आत परत येणार का. पुण्यात चार वर्षं काढली, पण शनिवार-रविवार म्हणजे कपडे धुणं, सबमिशन, आणि रविवारी रात्री मेस बंद म्हणून अंडाभुर्जीची गाडी. बाहेर पडलेच तर ते बार्शीच्या गाडीत बसायला.

त्या अर्ध्या तिकिटाने फिरली ती आई. आधी तुळजापूर आणि पंढरपूर एवढंच होतं. तिकीट अर्धं झाल्यावर भिशीच्या बायकांबरोबर कोल्हापूर, माहूर, औंढा नागनाथ असं करत ती मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र हिंडली. प्रत्येक ठिकाणी देव होता, म्हणून कुणी काही बोललं नाही. आता तिला कुठल्या स्टँडवर चहा चांगला मिळतो हे माहीत आहे. फोनवर मी तिला एल्बेवरची फेरीबोट सांगते आणि ती मला माहूरचा घाट सांगते. पूर्वी आम्ही फक्त जेवलीस का एवढंच बोलायचो.

महिन्यातून एखाद्या शनिवारी आम्ही ग्योर्लिट्सला जातो. गाडी बाउत्सेनवरून जाते, तिथे स्टेशनवरच्या पाटीवर गावाचं नाव जर्मनसोबत सोर्बियन या तिथल्या अल्पसंख्याकांच्या भाषेतही आहे. ग्योर्लिट्समधून पंधरा अंश पूर्व रेखांश जातो, ज्यावर इथलं घड्याळ लावलेलं आहे. तिथून नाइस नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की पोलंड, पलीकडचं गाव झ्गोझेलेत्स. 1945 पर्यंत ही दोन्ही मिळून एकच गाव होतं. युद्ध संपता संपता माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पूल उडवला, सीमा नदीवर आली, पलीकडच्या जर्मनांना हाकललं गेलं आणि त्यांच्या घरांत पूर्वेकडून हुसकावलेले पोलिश लोक वसवले गेले. पूल परत बांधायला 2004 उजाडलं. बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेले पिएरोगी त्याच लोकांनी आपल्यासोबत पश्चिमेकडे आणले. साधारण तीस झ्लॉटीत ताट येतं, वर लोण्यात परतलेला कांदा. मैत्रीण झुरेक मागवते, आंबवलेल्या राईच्या पिठाचं आंबट सूप, आत अंडं आणि पांढरं सॉसेज. पहिल्यांदा चमचा तोंडात घातला तेव्हा मला आजीच्या हातची ज्वारीची आंबील आठवली. मैत्रिणीची आजी आता युक्रेनमध्ये असलेल्या लव्हिवकडची, युद्धानंतर लहानपणी इकडे आलेली. मैत्रीण मला हे सगळं त्या टेबलावर सांगते. मग तिने मला विचारलं, तुझं कसं आहे, तुझ्याकडे कोकणात काय खातात? तिने नकाशा बघून ठेवला होता. मला सांगता आलं नाही. मी कोकण पाहिलेलंच नाही. रायगड पाहिलेला नाही. विदर्भात पाय ठेवलेला नाही. सॅक्सनीतल्या डोंगरवाटा मला बालाघाटापेक्षा जास्त माहीत आहेत, आणि बालाघाट आमच्या दारात आहे.

याचा मला राग येतो. जे काका मला विचारतात की शिकायला गेलीस का फिरायला, त्यांना मला विचारायचं आहे की तुम्ही मला माझा मुलूख का दाखवला नाहीत? मी महाराष्ट्राची म्हणून इथे गणपती बसवते, मोदक करते, मराठीचा विषय निघाला की सगळ्यांत आधी भांडते. आणि माझा महाराष्ट्र म्हणजे बार्शी, सोलापूर, पुणे आणि त्यांच्यामधला हायवे.

एक गोष्ट मी आईला सांगितली नाही. ऑक्टोबरमध्ये ग्योर्लिट्सहून परतताना गाडीत पोलीस चढले. सीमेवर तपासणी असते, ते ठीक. डब्यात तीसेक माणसं असतील. त्यांनी माझा आणि एका सीरियन वाटणाऱ्या मुलाचा पासपोर्ट मागितला, बाकी कुणाचा नाही. माझी मैत्रीण शेजारी बसली होती, तिला विचारलं नाही. कागद व्यवस्थित होते. मग त्यातल्या एकाने विचारलं, पोलंडला कशासाठी गेला होतात? मी म्हटलं, जेवायला. त्याने परत विचारलं, फक्त जेवायला? सभ्यपणे विचारलं, पासपोर्ट परत दिला, पुढे गेला. मैत्रीण त्याच्यावर चिडली, मी चिडले नाही, मला कानात काकांचा आवाज ऐकू आला. फेब्रुवारी 2025 मधल्या संसदेच्या निवडणुकीत सॅक्सनीत 37 टक्क्यांहून जास्त मतं एएफडी या स्थलांतरितविरोधी पक्षाला पडली आहेत, हे मला माहीत आहे आणि ट्राममध्ये मी ते विसरत नाही. इथलं तिकीट मला कुठे जाते म्हणून विचारत नाही, माणसं मात्र विचारतात. तरी पुढच्या महिन्यात मी परत गेले. न जाण्याने माझं इथलं असणं सोपं होणार नव्हतं आणि तिकडच्या पंगतीतलं बोलणंही थांबणार नव्हतं.

कर्ज माझं आहे, बाबांचं घर तारण आहे, त्याची आठवण मला कुणी करून द्यायची गरज नाही. माझे सगळे पेपर सुटलेत. पण ते सुटले म्हणून मला फिरायचा हक्क मिळाला, असं मी म्हणणार नाही. ते सुटले नसते तरी शनिवार माझाच होता.

फेब्रुवारीत परीक्षा संपल्यावर तीन आठवडे घरी येतेय. आईला म्हटलं, आपण दोघी कोकणात जाऊ, कोल्हापूरला गाडी बदलून रत्नागिरी. ती एका शब्दात तयार झाली. मग थोडं थांबून म्हणाली, "घरी गणपतीपुळ्याचं दर्शन म्हणून सांगू." दर्शन घेऊच. पण त्यानंतर दोन दिवस हातात ठेवलेत, मालगुंड, जयगड, आरे-वारे. कुठे उतरायचं ते गाडीत बसल्यावर ठरवायचं, एवढी अट मी तिला घातली आहे.