दिवा लावला आणि मेलो

डिस्को एलिसियम या गेममध्ये मी पहिल्यांदा मेलो तो गोळीबिळी लागून नव्हे. खोलीतला दिवा लावला, डोळ्यांवर उजेड आला आणि हृदय बंद पडलं. सुरू करून पाच मिनिटंही झाली नव्हती. चूक माझीच, सुरुवातीला आपल्या पात्राला गुण वाटताना सगळे बुद्धीला दिले आणि शरीराला ठेवला एक. शेजारी बसलेला मावसभाऊ एवढा हसला की हातातला पाव पातळभाजीत पडला.

एस्टोनियातल्या मंडळींचा हा गेम 2019 चा. त्याच वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये चार बक्षिसं मिळाली. मी आत्ता खेळलो, फोंड्यात पाऊस कोसळत असताना, दोनदा वीज गेली तरी सोडला नाही.

बंदराजवळच्या एका लॉजमध्ये एक पोलीस जागा होतो. इतकी दारू प्यायलेली असते की स्वतःचं नावही आठवत नाही. टाय पंख्याला लटकतोय, पिस्तूल हरवलंय आणि लॉजवाला 130 रेआल, म्हणजे तिथले पैसे, मागतोय. मागच्या झाडाला आठवडाभर एक प्रेत टांगलेलं आहे. ते उतरवायलाच हा आलेला असतो!

नेहमीसारख्या लढाया नाहीत. बोलायचं, दोन फासे टाकायचे, जमलं की नाही ते फासे ठरवतात. तुमची 24 कौशल्यं डोक्यात बसून कलकलाट करतात. एक तर्क लढवतं, एक टायशी गप्पा मारायला लावतं, आणि एक सारखं म्हणतं, पी रे, थोडीशीच.

त्या आवाजापाशी मी थांबलो. आमच्या वाड्यावर एक जण होता. सकाळी कुणाचाही बिघडलेला पंप चुटकीसरशी सुरू करायचा, संध्याकाळी बारवाल्याचा पोरगा त्याला हाताला धरून घरी आणायचा. आम्ही पोरं मागून त्याच्या चालीची नक्कल करत जायचो. हा गेम आधी त्याच माणसावर हसवतो आणि मग दिवसचे दिवस त्याच्या डोक्यात राहायला लावतो. दया दाखवत नाही, म्हणूनच जास्त लागतं.

हरण्यात मात्र खरी गंमत आहे. बिल चुकवून पळायचं ठरवलं, तर पळता पळता मागे वळून अश्लील हातवारा करता येतो. फासे फिरले की सरळ व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्या बाईवर जाऊन आदळता. म्हणून हरलात की जुना सेव्ह लोड करून, म्हणजे आधी साठवलेल्या जागेवरून पुन्हा खेळत बसू नका. भावाने प्रत्येक वेळी केला. त्याचा पोलीस गुणी निघाला आणि तो तिसऱ्या दिवशी कंटाळला.

बंदरात संप चाललेला असतो. युनियनचा पुढारी समोर अशी खुर्ची देतो की तिच्यावर बसूनच तब्येत खालावते. दाखल्यावर सही घ्यायला ज्याने सकाळभर वाट पाहिलीय, त्याला ती खुर्ची ओळखीची वाटेल. आणि सोबतचा किम कित्सुरागी! एवढा शांत सहकारी मला आयुष्यात एकदा मिळाला असता तरी पुरे होतं.

वाचायची तयारी हवी. दहा लाखांवर शब्द आहेत, मूळ इंग्रजीत. पहिले दोन तास मलाही जड गेले. 2021 च्या फायनल कट आवृत्तीत सगळे संवाद ऐकूही येतात, तीच घ्या. मुलं झोपल्यावर खेळा, कारण प्रेताला दगड मारणारा त्यातला पोरगा जे बोलतो ते आजीच्या कानावर पडलं तर घर सोडावं लागेल.

सेलमध्ये बराच स्वस्त मिळतो. आणि दिवा लावायच्या आधी शरीराला निदान दोन गुण द्या.