अर्धं कोर्ट, पूर्ण पगार? डबल्सवाल्यांना नावं ठेवणाऱ्या मेसेजला उत्तर

डबल्स म्हणजे दुहेरी खेळणारा आपला टेनिसपटू रोहन बोपण्णा याने १ नोव्हेंबर २०२५ ला निवृत्ती जाहीर केली आणि दोन-चार दिवसांत आमच्या सकाळच्या टेनिसच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ हा शिक्का डोक्यावर होताच. मग तोच मेसेज मुलीच्या अकॅडमीतल्या पालकांच्या ग्रुपवर आला. मग माझ्या माहेरच्या ग्रुपवर, जिथे टेनिसचा बॉल आजवर फक्त गल्लीतल्या क्रिकेटला वापरला गेलाय.

मजकूर थोडक्यात असा: डबल्स म्हणजे सिंगल्समध्ये न चाललेल्यांचा आसरा. अर्धं कोर्ट सांभाळायचं, म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षीही जमतं. पैसे मात्र पूर्ण. सिंगल्सचे खरे स्टार उतरले तर हे लोक एक दिवस टिकणार नाहीत. देशाला उपयोग शून्य. तेव्हा पालकांनो, शहाणे व्हा, पोरांना बाराव्या वर्षीच डबल्सला लावा, कमी कष्टात परदेश दौरे! खाली हात जोडलेल्या दोन इमोजी.

पाच वाक्यं डबल्सला नावं ठेवायची आणि सहाव्यात त्याचीच शिफारस करायची, हे लिहिणाऱ्याच्याही लक्षात आलं नसावं.

मी काही तज्ज्ञ नाही. नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या अंगाला एका कोर्टवर सकाळी सहाला खेळते आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या मागे किट घेऊन स्पर्धांना फिरते. पण मेसेज इतका फिरतोय की कुणीतरी बसून उत्तर द्यायला हवं.

‘अर्धं कोर्ट’ यापासूनच सुरुवात करते, कारण सगळा इमला त्यावर उभा आहे. सिंगल्सचं कोर्ट २७ फूट रुंद, डबल्सचं ३६ फूट. लांबी दोन्हीकडे ७८ फूटच. छत्तीसचे दोन भाग केले की माणशी १८ फूट येतात, म्हणजे सिंगल्सच्या रुंदीचा दोन-तृतीयांश भाग. अर्धा नव्हे. पट्टी लावून बघितली असती तर मेसेज तिथेच अडला असता.

पळापळ कमी असते, हे मान्य. विम्बल्डनमध्ये २०२२ पर्यंत पुरुषांचं डबल्स पाच सेटचं होतं, २०२३ पासून तेही तीनवर आलं. पाच सेटची सिंगल्स चाळिशीपार कुणी खेळत बसणार नाही. पण पळापळ कमी म्हणजे मेहनत कमी, हे समीकरण आपल्या रविवारच्या डबल्सवरून आलंय. आमच्याकडे नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. गुडघ्याला पट्टा, डोक्यावर पांढरी टोपी. आल्या आल्या बजावतात, “पळायचं तुम्ही ताई, मी इथे नेटशी उभा.” आणि खरंच, काका अर्धं पाऊल टाकतात आणि बॉल समोरच्याच्या पायात पडतो. आम्हाला ते सोपं दिसतं, कारण समोरून येणारा बॉलही आमच्यासारखाच निवांत असतो.

टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांत, चौघेही नेटशी आले की समोरासमोरचं अंतर उरतं जेमतेम पाच-सहा मीटर. ताशी ८० किलोमीटरने मारलेला बॉल तेवढं अंतर पाव सेकंदात कापतो. तेवढ्यात रॅकेटचं तोंड वळवायचं, बॉल दोघांच्या मधून जातोय की खांद्यावरून हे ओळखायचं, आणि मधला बॉल आपला की जोडीदाराचा हेही ठरलेलं हवं. ‘तुझा, तुझा’ म्हणायला वेळ नसतो. डबल्समधले निम्मे गुण त्या मधल्या बॉलवर जातात, हे आमच्या कोर्टवरही रोज दिसतं. (आणि निम्मी भांडणंही.)

जानेवारी २०१९ मध्ये आम्ही तिघं सिन्नर-संगमनेर करत पुण्याला बालेवाडीत महाराष्ट्र ओपन ही स्पर्धा बघायला गेलो होतो. बाजूच्या कोर्टवर डबल्स चालू होतं आणि आम्ही अगदी जाळीला चिकटून उभे. सर्व्ह करणाऱ्याचा जोडीदार नेटपाशी, बरोब्बर मधल्या रेषेवर बसलेला. बसलेला म्हणजे खरोखर उकिडवा, डोकं नेटच्या खाली. पाठीमागे नेलेल्या हाताची बोटं उघडली-मिटली: सर्व्ह कुठे टाकायची आणि नंतर मी कुठल्या बाजूला जाणार. त्याच्या टाळूवरून सर्व्ह गेली आणि त्याच क्षणी तो उठून डावीकडे सुटला होता. रिटर्न करणाऱ्याला बॉलवर नजर ठेवू की या माणसावर, तेच कळेना. मुलीने मोजायला सुरुवात केली, तो किती वेळा असा बसतो-उठतो. तिसाच्या पुढे तिचा हिशेब चुकला. दुसऱ्या दिवशी घरी आरशासमोर बसून-उठून पाहत होती, दहाव्याला मांड्या धरून बसली.

बोपण्णाच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेली होती, हे त्यानेच सांगितलंय. त्या गुडघ्यांनी तो हे करत होता. २०२१ मध्ये महिनोन् महिने एक मॅच जिंकता येईना, तेव्हा खेळ सोडायचा विचारही करून झाला होता. जानेवारी २०२४ मध्ये मॅथ्यू एब्डनबरोबर त्याने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, ती पुरुष दुहेरीतल्या एकसष्टाव्या ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांत एकसष्टाव्यांदा उतरल्यावर. त्याच स्पर्धेत तो पहिल्यांदा जगात एक नंबरवर पोचला. ‘त्रेचाळिसाव्या वर्षीही जमतं’ असं मेसेज म्हणतो. जमतं कुठलं, इतक्या खटपटीनंतर त्रेचाळिसाव्या वर्षी एकदाचं जमलं.

आता ‘सिंगल्समध्ये न चाललेले’. यात थोडं तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. लहानपणी कुणीच ‘मी डबल्स खेळणार’ म्हणून रॅकेट हातात घेत नाही. सगळे सिंगल्समधूनच येतात. पण का येतात, ते बघा. सानिया मिर्झा २००७ मध्ये सिंगल्सच्या क्रमवारीत २७ वी होती. मनगटाच्या आणि इतर दुखापतींनी तिला सिंगल्स सोडायला लावलं. मग २०१५ मध्ये ती डबल्समध्ये एक नंबर झाली आणि मार्टिना हिंगिसबरोबर सलग ४१ मॅच जिंकली. युकी भांब्री २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचा ज्युनियर विजेता, सिंगल्समध्ये ८३ पर्यंत चढलेला. शरीराने साथ दिली नाही, डबल्सकडे वळला, आणि २०२५ मध्ये अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत पोचला. लिअँडर पेसने १९९६ मध्ये अटलांटाला कांस्य जिंकलं ते सिंगल्समध्येच, आणि १९९८ मध्ये पीट सॅम्प्रसला सरळ सेटमध्ये हरवलं तेही सिंगल्समध्येच. या मंडळींना ‘न चाललेले’ म्हणायचं तर चाललेलं म्हणजे नक्की काय? जगात ८३ वा म्हणजे आपल्या गल्लीत ८३ वा नव्हे.

‘पैसे मात्र पूर्ण’ हे वाचून मी खरोखर हसले, कारण पालक म्हणून हा हिशेब मी रोज करते.

विम्बल्डन २०२४ घ्या. पुरुषांच्या सिंगल्स विजेत्याला २७ लाख पौंड. डबल्सच्या विजेत्या जोडीला साडेसहा लाख, तेही दोघांत मिळून. म्हणजे माणशी सव्वातीन लाख, सिंगल्सवाल्याच्या साधारण आठवा हिस्सा. हा झाला शिखराचा भाव. ती जोडी कोण होती? फिनलंडचा हॅरी हेलिओव्हारा, ज्याने मधली काही वर्षं टेनिस सोडून हेलसिंकी विमानतळावर नोकरी केली होती. आणि इंग्लंडचा हेन्री पॅटन, जो कधीकाळी विम्बल्डनमध्येच मॅचची आकडेवारी टिपायचं काम करायचा. फायनलमध्ये तीन मॅच पॉइंट, म्हणजे एक गुण गेला की हरलो असे तीन क्षण, वाचवून जिंकले. ‘कमी कष्टात’ म्हणणाऱ्याने ती मॅच एकदा बघावी.

शिखरावरून पायथ्याशी या. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांची सगळ्यात खालची पायरी म्हणजे एकूण १५ हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धा. तिथे डबल्स जिंकणाऱ्या जोडीला हजार डॉलरही मिळत नाहीत, आणि आहे ते दोघांनी वाटून घ्यायचं. विमान, हॉटेल, जेवण, रॅकेटची तार, सगळं त्यातून. जिंकलात तर! पहिल्या फेरीत हरलात तर आठवडाभर हॉटेलचं भाडं भरत बसा, नाहीतर तिकीट बदलायचा दंड भरा.

त्यातही प्रवेशाची खात्री नाही. जोडीतल्या दोघांच्या क्रमांकांची बेरीज करून यादी लागते. एखाद्याचा सिंगल्सचा क्रमांक चांगला असेल तर त्याला तो डबल्ससाठी दाखवता येतो. उलटं चालत नाही. डबल्समध्ये जगात तिसावा असलात म्हणून सिंगल्सचं दार कुणी उघडत नाही. म्हणजे सिंगल्समध्ये लवकर हरलेला, एरवी डबल्सला कंटाळणारा गडी शेवटच्या क्षणी कुणाला तरी जोडीला घेऊन नाव नोंदवतो, आणि वर्षभर हेच करणारी जोडी यादीबाहेर राहते. शिवाय जोडीदार दुखावला किंवा दुसऱ्याबरोबर खेळायचं ठरवून मोकळा झाला की याचा आठवडा गेला. अर्धं कोर्ट दुसऱ्याच्या भरवशावर, हे मेसेजमध्ये कुणी लिहिलं नाही.

गुणपद्धतही बघा. २००६ पासून एटीपीच्या, म्हणजे पुरुष व्यावसायिक टेनिसच्या संघटनेच्या, नेहमीच्या स्पर्धांत डबल्सला ४०-४० झालं की पुढच्या एका गुणावर गेम, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टाय-ब्रेक. सिंगल्समध्ये सरस खेळाडूला चूक सुधारायला वेळ मिळतो. इथे दीड तासाचा चांगला खेळ दोन-तीन बॉलवर वाहून जातो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. वर्षभर बाग सांभाळायची आणि माल उतरायच्या आठवड्यात गारा.

‘खरे स्टार उतरले तर एक दिवस टिकणार नाहीत.’ हे वाक्य २०२४ मध्ये लिहिलं असतं तर निदान वाद घालता आला असता. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकन ओपनने नेमका हाच प्रयोग करून पाहिला. मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधी दोन दिवसांत उरकली, सोळा जोड्या, त्यात बहुतेक सिंगल्सची मोठी नावं, सुरुवातीच्या फेऱ्यांत चार गेमचे आखूड सेट, विजेत्या जोडीला दहा लाख डॉलर. डबल्सवाले दाराबाहेर राहिले. आदल्या वर्षीचे विजेते म्हणून आत घेतलेली जोडी होती इटलीची सारा एरानी आणि आंद्रेआ व्हावासोरी. एरानीची सर्व्ह इतकी मऊ की लोक वर्षानुवर्षं त्यावर विनोद करतात. या दोघांनी फायनलमध्ये इगा श्वियाँतेक आणि कॅस्पर रूड यांना ६-३, ५-७, १०-६ हरवून कप पुन्हा घरी नेला. श्वियाँतेक महिनाभरापूर्वीच विम्बल्डन जिंकून आली होती.

उलट उदाहरणही देते, नाहीतर कुणीतरी देईलच. २०२२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये निक किर्गिओस आणि थानासी कोक्किनाकिस वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, आले आणि डबल्स जिंकून गेले. होतं असं. दोघं लहानपणापासूनचे मित्र, सर्व्ह तोफेसारखी, घरचं मैदान. पण ‘एक दिवस टिकणार नाहीत’ म्हणायला एक उदाहरण पुरत नाही.

‘देशाला उपयोग शून्य’ यावर फार शाई खर्च करत नाही. भारताचं पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद महेश भूपतीचं, १९९७ च्या फ्रेंच ओपनमधलं, तेही मिश्र दुहेरीतलं. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने बोपण्णाबरोबर पहिला सेट २-६ गमावून सुवर्ण आणलं. आपला नाशिकचा विदित गुजराथी २०२४ मध्ये बुडापेस्टहून बुद्धिबळ ऑलिंपियाडचं सांघिक सुवर्ण घेऊन आला, तेव्हा ‘एकट्याचं नाही, म्हणजे अर्धंच’ असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

राहिला पालकांना दिलेला सल्ला, आणि खरा राग मला त्याचाच आहे. वरचं सगळं गप्पांतलं, पण हा सल्ला वाचून परवा एका आईने मला गंभीरपणे विचारलं, “ताई, हिला सिंगल्स बंद करून डबल्सच ठेवू का? सर म्हणाले तर म्हणू देत.” मुलगी अकरा वर्षांची. आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, ज्युनियर क्रमवारीत डबल्सच्या गुणांचा फक्त चौथा हिस्सा धरतात, त्यामुळे क्रमांकाच्या दृष्टीनेही हा व्यवहार तोट्याचा. आणि डबल्सला जे लागतं, म्हणजे दडपणाखाली पडणारी दुसरी सर्व्ह आणि पायात टाकलेलं रिटर्न, ते सिंगल्सच्या शेकडो मॅच खेळूनच हातात बसतं. मी तिला एवढंच म्हटलं, सरांचं ऐक, दोन्ही खेळू दे. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलगी स्वतःच सांगेल तिला नेटशी मजा येते की मागे.

हे सगळं मी काल रात्री ग्रुपवर टाकलं. काकांनी अंगठा पाठवला. ज्यांनी मूळ मेसेज फॉरवर्ड केला होता त्यांनी ‘वाचतो सावकाश’ एवढंच लिहिलं. उद्या सहाला तेच माझे पार्टनर आहेत, आणि मधला बॉल कुणाचा हे आमचं अजून ठरलेलं नाही.